एक मेन बंद आहे

बंगळुरूच्या चामराजपेटेत १८९२ साली ज्यांनी रस्ते आखले, त्यांचे माझ्यावर उपकार आहेत. कीबोर्ड आतून कसा असतो ते मला त्यांच्यामुळे कळलं. इथे घर सापडतं ते 'अमुक मेन, तमुक क्रॉस' यावर. सिंक्लेअरच्या स्पेक्ट्रम या जुन्या घरगुती संगणकातही तेच. आठ मेन, पाच क्रॉस, चाळीस नाके, आणि बोट पडेल त्या नाक्याचं अक्षर.

मेव्हण्याने माळा आवरताना त्याचा डीबी स्पेक्ट्रम प्लस माझ्या गळ्यात मारला. सिंक्लेअरच्या परवान्याने डेसिबेल्स कंपनीने भारतात आणलेला. लावून पाहिला तर पडद्यावर अक्षरं उमटली, म्हणजे मेंदू शाबूत. फक्त एच, जे, के, एल आणि एंटर ढिम्म. एक मेन खोदून ठेवलेला, त्यावरची पाचही घरं तुटलेली.

या यंत्रात 'लोड' हा शब्द टाइप करायचा नसतो; जे दाबला की तो अख्खा उमटतो. म्हणजे कॅसेटवरून खेळ आत घ्यायला जे हवा, आणि 'हं, घे' म्हणायला एंटर. गेलेल्यांत नेमके हे दोघे. नुसते एच, के, एल गेले असते तर मी चकार शब्द काढला नसता.

याचा कीबोर्ड मिळतो का ते पाहायला एस. पी. रोडवर गेलो. "यूएसबी ना सार?" दुकानदाराने विचारलं. स्पेक्ट्रम प्लस १९८४चा, यूएसबी १९९६ची. हे अंतर मी माझ्या कन्नडमध्ये समजावलं. "होसदु तगोळ्ळी सार," तो म्हणाला. नवीन घ्या. विषय संपला.

दोष कळांत नसतोच. त्यांच्याखाली प्लॅस्टिकचे पातळ पापुद्रे, त्यांवर वाहक रेषा, आणि बोर्डात खोचलेल्या शेपट्या. वर्षानुवर्षं धग खाऊन शेपटी कडक होते. जरा वाकली की रेष चिरते. सोल्डर करायला जावं तर प्लॅस्टिकच वितळतं. चीर टोकाशी असेल तर एकच उपाय, तेवढं टोक कातरायचं आणि उरलेली शेपटी पुन्हा खोचायची. टॉर्च धरून बसलेली बायको म्हणाली, "नखं काढायला कधी एवढं जपत नाही तुम्ही!"

एंटर चालला. मग कॅसेट पाच मिनिटं किंचाळत राहिली आणि खालच्या अज्जी मिक्सर बिघडला का ते विचारून गेल्या.

पण शेपटी दर कातरणीला आखूड होते. पुढच्या वेळी ती बोर्डापर्यंत पोचणार नाही. तेव्हा कुणाकडे बंद पडलेला स्पेक्ट्रम प्लस असेल तर टाकू नका, मला कळवा. शेपट्या धड असल्या की पुरे. बदल्यात कोराकरकरीत यूएसबी कीबोर्ड देईन. दुकानदाराचं मन मोडवलं नाही.