दगडाचा डॉक्टर

खाणकामाच्या शाखेत हौसेनं कोणी जात नाही. कॉम्प्युटर हुकतो, मेकॅनिकल हुकतं आणि काउन्सेलिंगच्या शेवटच्या फेरीत जे उरतं ते आमच्या सौंसरच्या पोराच्या पदरात पडतं. बाप गावात एवढंच सांगतो, "इंजिनिअरिंगले हाये." मँगनीजच्या खाणीतून रिटायर झालेला मामा मात्र तोंडावर विचारतो, "खाणीत उतरायले डिगरी कायले लागते बे?"

बिघडतं ते तिसऱ्या वर्षी. भूशास्त्राच्या पुस्तकात 'सौंसर समूह' अशी अक्षरं दिसतात आणि पोरगा हातचा जातो. आपल्या तालुक्याचं नाव, तेही डायनासोरांच्या कितीतरी आधीच्या खडकांना! 2023 मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात गेलं. पण कलेक्टरचं सौंसर तहसिलीपुरतं, याचं थेट नागपूर, भंडारा, बालाघाटपर्यंत पसरलेलं. फर्मरसाहेबाचा 1909 चा मँगनीजवरचा ग्रंथ तो उशाशी घेऊन झोपतो. गोंडांवरून साहेबानं ठेवलेलं 'गोंडाइट' हे नाव टिकलं; सीतापार गावावरून ठेवलेलं 'सीतापाराइट' मात्र पुढे बिक्सबाइट हे आधीचंच खनिज निघालं आणि नाव रद्द झालं. त्याचं सुतक हा अजून पाळतो.

मग गेट, मग पीएचडी. विषय, भूमिगत खाणीच्या छताची स्थिरता. बिएनियावस्की नावाच्या माणसानं 1973 मध्ये खडकाला शंभरापैकी गुण द्यायची रीत काढली. खडकाची ताकद, भेगांमधलं अंतर, भेगांची अवस्था, असे रकाने. पाण्याच्या रकान्यात कोरड्या खडकाला 15, ठिबकत असेल तर 4. आमचा पठ्ठ्या आता दिसेल त्याला गुण देतो. काकूच्या माडीला त्यानं 38 दिले, म्हणजे 'निकृष्ट'. काकूनं बोलणं टाकलं आहे.

ऊस सोलून दिला तर तुकडे ताटात ओळीनं मांडतो. दहा सेंटिमीटरहून लांब तेवढे मोजायचे, त्यांची बेरीज, भागिले सगळ्या उसाची लांबी. "62 टक्के. मध्यम," असं पुटपुटतो आणि मगच चावतो. खडकाच्या गाभ्याचं मोजमाप खरोखर असंच करतात. फक्त तिथे शेवटी कोणी चावत नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मित्रांनी त्याला जाम नदीवर, पांढुर्ण्याच्या गोटमारीला, म्हणजे दोन काठांवरच्या दगडफेकीला, ओढून नेलं. तिथे दरवर्षी डोकी फुटतात, हे काही गमतीचं नाही. पलीकडच्या सावरगावकडून आलेला एक गोटा याच्या पायाशी पडला. गडी खाली बसला.

"अबे, फेक ना!"

"थांब बे, बेसाल्ट हाये. भोकात झिओलाइट दिसून रायलं."

दुसरा खांद्यावर बसला. तोही खिशात गेला, नमुना म्हणून.

पीएचडीच्या पाचव्या वर्षी स्थळं येऊ लागली. मध्यस्थानं मुलीच्या वडिलांना 'डॉक्टर' एवढंच सांगितलेलं. चहा झाला, पोहे झाले, आणि त्यांनी हळूच धोतर वर सारून गुडघा पुढे केला.

"जिने चढताना लय दुखते जी. जरा पाहता का?"

बाप खिडकीबाहेर बघू लागला. पोरानं मात्र गुडघा नीट न्याहाळला.

"आत पाणी हाये का?"

"हाये म्हणते छिंदवाड्याचा डॉक्टर."

"मंग पंधरापैकी चारच भेटतीन, काकाजी."