स्पंजाचा पाहुणचार

खाऱ्या पाण्याच्या टाकीत नको असलेला स्पंज कोणी विकत आणत नाही. मुंबईहून आलेल्या खडकाच्या भोकांत बसून तो विनातिकीट जळगावला उतरतो. मासे आणि मऊ प्रवाळ यांची पावती असते, चार लोकांत त्यांची नावे घेतली जातात. स्पंजाची ओळख मात्र काही महिन्यांनी, टाकीखालच्या सम्पचे झाकण उचलल्यावर होते. पाइपच्या तोंडाशी, पंपाच्या मागे, जिथे उजेड पोचत नाही तिथे ज्वारीच्या दाण्यापासून बोटाच्या पेरापर्यंत वेगवेगळ्या मापांचे पांढरे बुधले चिकटलेले असतात. प्रत्येकाच्या तोंडाशी ताठ केसांची झालर. हा सायकॉन. खडकाच्या खालच्या अंगाला राखाडी, पिवळा किंवा लाल थर पसरला असेल, तर ते दुसरे कूळ. टाकी बघायला आलेल्याचे लक्ष हजारो रुपयांच्या माशावरून नेमके तिथेच जाते आणि प्रश्न येतो, "हाई काय शे, भाऊ?"

तो प्राणी आहे. त्याला डोके नाही, हृदय नाही, पोट नाही, नसाही नाहीत, आणि यातल्या कशावाचून त्याचे अडलेले दिसत नाही. अंगभर बारीक भोके, आत चाबकासारखे शेपूट हलवणाऱ्या कॉलर पेशी. त्या पाणी आत ओढतात, त्यातले जिवाणू गाळून खातात आणि पाणी मोठ्या तोंडातून बाहेर सोडतात. दिवसभरात स्पंज स्वतःच्या आकारमानाच्या हजारो पट पाणी असे गाळतो. कॅरिबियन प्रवाळांमध्ये काम करणाऱ्या नेदरलँड्सच्या संशोधकांनी 2013 साली दाखवले, की पाण्यात विरघळलेली सेंद्रिय द्रव्येही स्पंज पचवतात आणि आपल्या जुन्या पेशी टाकून देतात. त्या पेशींवर खेकडे-किडे जगतात. म्हणजे पाणी स्वच्छ राहावे म्हणून जे स्किमर नावाचे यंत्र रात्रंदिवस घुरघुरत असते, त्याच जातीचे काम हा प्राणी वीजबिल न येता करतो. हाकलायचे ठरते ते मात्र त्यालाच.

त्याची भरभराट होते ती उन्हामुळे नव्हे, खाण्यामुळे. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांवर जातो आणि टाकीला 25-26 अंश लागतात, ही अडचण खरी. पण ती चिलरने, नाहीतर पाण्यावर रोखलेल्या पंख्याने निभावते. कोरड्या हवेत बाष्पीभवन जोरात होते, त्यामुळे कूलर जसा खान्देशात लागू पडतो तसा पंखाही पडतो. पाणी उडते, मीठ राहते, म्हणून आरओचे पाणी रोज वरून घालायचे. आरओचा पडदा जुना झाला की बोअरच्या पाण्यातली सिलिका टाकीत उतरते, आणि बहुतेक स्पंज आपल्या अंगातल्या सुया सिलिकेच्याच घडवतात. तरीही खरा पुरवठा खाण्याच्या डब्यातूनच होतो. समोरच्याने "बस" म्हटल्यावर त्याच्या ताटात आणखी एक पोळी पडते, अशा मुलखात माशालाच तेवढे मोजून वाढायचे कसे? सकाळी भाऊ चिमूटभर टाकतात, दुपारी आजी टाकतात, संध्याकाळी शेजारचा मुलगा हौसेने मूठ रिकामी करतो. मासा प्रत्येकाकडे आठ दिवसांच्या उपाशासारखा बघतो. उरलेले खाली बसते, कुजते, जिवाणू वाढतात आणि सम्पमध्ये पांढऱ्या बुधल्यांची पंगत बसते. पहिला उपाय म्हणून मालकाने घरातल्यांच्या हातातला डबा काढून घ्यावा. तो जमत नाही, म्हणून बाकीचे उपाय.

जुना टूथब्रश घेऊन टाकीतच खडक घासणे हा सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत वाईट. अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ एच. व्ही. विल्सन यांनी 1907 साली जिवंत स्पंज बारीक रेशमी कापडातून पिळून पेशी-पेशी सुटी केली. त्या पेशी पुन्हा एकमेकींना शोधत गोळा झाल्या आणि नवे स्पंज तयार झाले. रक्तबीजाची कथा ठाऊक असलेल्यांना हे नवे नाही. टाकीत घासलेला तुकडा प्रवाहाबरोबर दुसऱ्या खडकावर जाऊन संसार थाटतो. जो मरतो तो कुजून अमोनिया वाढवतो, आणि काही जातींच्या अंगात विषही असते. तेव्हा खडक बाहेर काढावा, वेगळ्या बादलीत खारे पाणी घेऊन पात्याने थर खरवडावा, धुऊन मगच परत ठेवावा, आणि टाकीत सक्रिय कोळशाची पिशवी सोडावी.

स्पंजाला हवा सहसा सोसत नाही. भोकांत हवेचे बुडबुडे अडकले की तो बहुधा मरतो. प्रवाळ नसलेला खडक गच्चीवर कुरडयांशेजारी वाळत घालणे म्हणूनच सोपे वाटते. वासामुळे गल्लीत जी चौकशी सुरू होते तिची तयारी ठेवावी, आणि कुरडया आधी उचलाव्यात. एंजलमासा स्पंज खातो, हेही खरे. पण त्यातला एम्परर फूटभराहून मोठा होतो आणि स्पंज संपला की प्रवाळाला तोंड लावतो.

कायद्याची गंमत वेगळी. 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या अनुसूचींत 2001 साली समुद्री जीवांची भर पडली. सगळे कठीण प्रवाळ पहिल्या अनुसूचीत गेले आणि चुन्याच्या सुयांचे सगळे स्पंज तेव्हाच्या तिसऱ्या. सायकॉन नेमका चुन्याचा. कायद्याचा रोख समुद्र उपसणाऱ्यांवर आहे, तरी टूथब्रश उगारण्यापूर्वी एवढे माहीत असलेले बरे. तसाही तो निरुपद्रवी आहे. त्याला सम्पमध्ये नांदू द्यावे. हयगय करायची नाही ती क्लायोना या दुसऱ्या स्पंजाच्या बाबतीत. खडकावर पिवळे-नारिंगी ठिपके दिसले, की आत तो चुना कोरत बसलेला असतो. तेवढा तुकडा छिन्नीने तोडून फेकावा.

शेवटी पाणी बदलणे. सायफनच्या नळीने तळचा गाळ ओढत दर पंधरवड्याला दहावा हिस्सा काढावा. धुळ्याकडच्यांना सायफनचे कौतुक नसावे. 1884 साली सरकारी नोकरीत आलेल्या तरुण अभियंता विश्वेश्वरय्यांच्या पहिल्या कामांत पांझरा नदीच्या पाण्याखालचा सायफनच होता. काढलेल्या पाण्यात लिटरला सुमारे 35 ग्रॅम मीठ असते. नारळाच्या बुंध्याशी मीठ घालतात, या आधारावर शेजारचे काका बादली मागायला येतात. ती देऊ नये; नारळ कदाचित तगेल, त्याच्या बाजूची मिरची तगणार नाही. पाणी गटारीत ओतावे, आणि पुढच्या पंधरवड्यासाठी मीठ मोजायला घ्यावे.