उलथणं खाली ठेवा

आमच्या घरात गॅसवर चढलेल्या पदार्थाला एकांत म्हणून मिळत नाही. आमटी उकळत असली की पाणी प्यायला आत गेलेला माणूस जाता जाता डाव फिरवून येतो. भाजी बायको परतते. मग 'खाली लागली का गं?' असं विचारत आई परतते. आणि मी, ज्याला आज भाजी कसली आहे हेही ठाऊक नसतं, तोसुद्धा उलथणं दिसलं की एकदा खालचं वर करतो. त्यावर बायको झाकण ठेवते. झाकणाखाली काय चाललंय ते बघायला आई झाकण काढते. माझं लग्न झाल्यापासून हे असंच चालू आहे आणि कुणाची काही तक्रार नव्हती.

गेल्या ज्येष्ठाच्या अखेरीला लेक तीन आठवड्यांच्या रजेवर सिएटलहून आली, ती व्हीगन होऊन.

"म्हणजे काय झालीस?" आईनं घाबरून विचारलं.

लेकीनं समजावलं. दूध नाही, दही नाही, तूप नाही, मधसुद्धा नाही. १९४४ साली इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि त्याच्या मंडळींनी 'व्हेजिटेरियन' या शब्दाचं डोकं आणि शेपूट जोडून 'व्हीगन' असा शब्द तयार केला.

"बरोबर," आई म्हणाली, "मधलं काढलं ते दूध-दही-तूपच असणार."

"आणि चहा गं?"

"ओटचं दूध घालून पिते, आजी. ओट म्हणजे एक धान्य असतं."

"धान्याची धार कोण काढतं?"

खरं तर आमच्या घरात व्हीगन माणूस उपाशी मरणार नाही. भाकरी, पिठलं, ठेचा, भरली वांगी, डाळीची चटणी, सगळं तिच्या धर्मात बसतं. अडचण एवढीच, की हे सगळं पानात पडण्याआधी शेवटच्या क्षणी कुठून तरी एक हात येतो आणि त्यावर चमचाभर तूप सोडून जातो. त्या हातावर नियंत्रण ठेवायला माणूस नेमावा लागला असता. म्हणून लेक म्हणाली, मीच काहीतरी करते. हॅश ब्राऊन. तिकडे ती हे गोठवलेल्या पाकिटातून काढून न्याहारीला खाते. बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ.

"असतं काय त्यात?"

"बटाटा किसायचा आणि तव्यावर—"

"कीस," आई म्हणाली आणि पुन्हा वाती वळायला लागली.

लेकीला हे लागलं. हॅश ब्राऊन म्हणजे कीस नव्हे. 'हॅश' हा शब्द मूळ फ्रेंच, बारीक तुकडे करण्यावरून आलेला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला अमेरिकेतल्या हॉटेलांत हा पदार्थ रुजला. आणि आपला कीस कसा मऊ, तुपातला, झाकणाखाली वाफवलेला. यात वाफ नको, तूप नको, आणि मुख्य म्हणजे हलवायचं नाही. तव्यावर थापायचं आणि सात-आठ मिनिटं हात लावायचा नाही.

सात-आठ मिनिटं हात लावायचा नाही, हे ऐकून आम्ही तिघं एकमेकांकडे बघायला लागलो.

पहिला प्रयत्न लेक आली त्याच रविवारी झाला. बटाटा किसला, थापला, आणि तीन मिनिटांत तो काळाकुट्ट झाला. आतून कच्चा. मी लगेच उलथणं घेऊन धावलो होतो म्हणून दोष माझ्यावर आला, पण या खेपेला मी निर्दोष होतो. आईनं कोपरा मोडून तोंडात टाकला आणि म्हणाली, "गोड आहे हा." तीच मेख होती. जुलैमध्ये आपल्याकडे येणारा बटाटा बहुतेक उत्तरेतला. फेब्रुवारी-मार्चमध्ये निघालेला, तेव्हापासून शीतगृहात झोपलेला. दोन-चार अंश थंडीत बटाटा आपल्या पिठाची साखर करतो, आणि ही साखर तव्यावर पडली की रंग यायच्या आधी करपते. म्हणूनच वेफर्सवाल्यांना वेगळे बटाटे लागतात. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेनं त्यांच्यासाठी 'कुफरी चिपसोना' नावाचे वाणच काढलेत. मी भाजीवाल्याकडे चिपसोना मागितला. तो म्हणाला, "साहेब, आग्रा आहे आणि इंदूर आहे. सोना पुढच्या गल्लीत, सराफाकडे."

आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावरचा ताजा बटाटा मिळाला असता तर प्रश्न सुटला असता, पण तो आषाढात जमिनीत असतो. त्यामुळे आहे तोच बटाटा दोन आठवडे टोपलीत, उघड्यावर, कांद्यापासून लांब ठेवायचा, म्हणजे उबेनं साखर पुन्हा पुष्कळशी उतरते, असं लेकीनं शोधून काढलं. टोपली कोठीच्या खोलीत गेली. आई रोज सकाळी बटाटे खालीवर करून यायची.

दुसऱ्या प्रयत्नात तव्याचं राजकारण आड आलं. आमचा बिडाचा तवा माझ्या आजीचा. वर्षानुवर्षं तेल पिऊन त्याची पाठ अशी तुकतुकीत झालेली, की धिरडं आपण होऊन सुटून यायचं. लेकीनं विचारलं, "यावर तूप लावलेल्या पोळ्या भाजता ना?" आणि घासणी घेऊन तवा घासला. दुपारी तिनं त्यावर कांदा परतला. संध्याकाळी आईनं विचारलं, "परवा एकादशी. यावर कांदा परतला होतास ना?" आणि तवा पुन्हा घासला, या वेळी चिंच लावून. दोन धर्मांनी दोन बाजूंनी शुद्ध केलेल्या त्या तव्यावर दुसऱ्या दिवशी बटाटा असा चिकटला, की शेवटी आम्ही तो कालथ्यानं खरवडून खाल्ला. खरवड चांगली लागली. लेक म्हणाली, चांगलं लागणं हा मुद्दा नाही.

तवा पुन्हा माणसात आणायचं काम माझं. तापवायचा, तेल चोळायचं, धूर येऊ द्यायचा, निववायचा, परत चोळायचं. हे चोळायला कांद्याची फोड उत्तम. पण ती आईला चालणार नव्हती, म्हणून अर्ध्या बटाट्यानं चोळला. तेल शेंगदाण्याचं, ते दोघींना चालतं. मीठ शेंदेलोण. जिरं चालतं. कोथिंबिरीवर थोडी चर्चा झाली, कारण उपवासाला कोथिंबीर चालते की नाही हा प्रश्न महाराष्ट्रात घरटी वेगळा सुटतो. आमच्याकडे तो 'आज चालते, श्रावणात नाही' असा सुटला आहे. त्याचं कारण विचारायची पद्धत नाही.

हे सगळं जुळवताना माझ्या एक गोष्ट ध्यानात आली आणि मी ती चारचौघांत बोलून बसलो. बटाटा, शेंगदाणा, मिरची, साबुदाण्याचा कंद, रताळं, लाल भोपळा, सगळे मूळचे अमेरिका खंडातले. पोर्तुगीज आले नसते तर आईनं एकादशीला काय खाल्लं असतं? 'बटाटा' हा शब्दसुद्धा तिकडच्या बेटांवरच्या लोकांचा, आणि त्यांच्याकडे तो खरा रताळ्याचा. म्हणजे लेक राहते अमेरिकेत आणि उपवास अमेरिकन आईचा.

आई म्हणाली, "विठोबाला हरकत नाही, तू कशाला घेतोस?"

एकादशीच्या सकाळी लेकीनं स्वयंपाकघराचा ताबा घेतला. आईला जाड किसणी दिली. या कामात आईच्या हाताला जोड नाही. पूर्वी मे महिन्यात वाळवणाला ती दहा-दहा किलो बटाटे किसायची. तुरटीच्या पाण्यातून काढलेला कीस गच्चीवर पसरलेला असायचा आणि आम्ही पोरं काठी घेऊन कावळे राखायचो. निम्मा ओला कीस आम्हीच खायचो, कावळ्यांची उगाच बदनामी. आताही तिनं किसलेला बटाटा लगोलग पाण्यात टाकला, नाहीतर तो आधी गुलाबी आणि मग काळा पडतो.

तीन पाण्यांतून धुतल्यावर पिळण्याचं काम. बटाटा म्हणजे शंभरातले ऐंशी भाग पाणीच. पाणी शंभर अंशांवर उकळतं, आणि ते आत आहे तोवर कीस त्याच्या फारसा वर तापत नाही. तांबूस रंग आणि तो खमंग वास यायला मात्र एकशेचाळीसच्या आसपास जावं लागतं. साखर आणि अमिनो आम्लं यांची ही भानगड लुई-कामी मायार नावाच्या फ्रेंच माणसानं १९१२ साली जगापुढे मांडली. लेकीनं हे दहा मिनिटं समजावलं.

"म्हणजे घट्ट पिळा, एवढंच ना?" आई म्हणाली.

तीस वर्षं बँकेच्या कर्जवसुलीत काढल्यामुळे पिळण्याचं काम माझ्याकडे आलं. पूजेचा नवा पंचा घेतला, त्यात कीस बांधला आणि कर्जदार आठवून आठवून पिळला. परातीत वाटीभर पाणी साठलं. कीस धुतलेलं पहिलं पाणीही निवळत ठेवलं होतं. वरचं पाणी ओतल्यावर त्याच्या तळाशी पांढरा, बोटाला चिकटणारा साका उरला. लेकीनं तो खरवडून किसात परत घातला. कीस बांधून धरायचं अंड्याचं काम हाच करतो. आई म्हणाली, साडीला खळ देतात तसंच. मीठ अगदी शेवटी घातलं, कारण आधी घातलं तर पाणी पुन्हा सुटतं आणि माझी वसुली वाया जाते.

तवा तापला. तेल पडलं. चार चकत्या थापल्या गेल्या, बोटभर जाडीच्या, कडा जरा विस्कटलेल्या. कडा विस्कटलेल्याच हव्यात, तिथेच कुरकुरीतपणा येतो. चुर्र आवाज झाला. आणि आम्ही चौघं तव्याभोवती उभे राहिलो.

पहिल्या मिनिटाला आई म्हणाली, "लागेल गं." दुसऱ्या मिनिटाला बायकोचा हात झाकणाकडे गेला. "झाकण नाही!" लेक ओरडली. तिसऱ्या मिनिटाला माझ्या हातात उलथणं होतं. ते मी कधी उचललं, देवाशपथ सांगतो, मला माहीत नाही. "बाबा, उलथणं खाली ठेवा." मी म्हटलं, फक्त कड बघतो. ती म्हणाली, कड बघायची नसते.

आता कुणीतरी पाप करणार, इतक्यात बाहेरच्या खोलीतून टीव्ही बोलला. पंढरपूर. पहाटेची शासकीय महापूजा पुन्हा दाखवत होते. मुख्यमंत्री सपत्नीक गाभाऱ्यात, आणि शेजारी यंदाचं मानाचं वारकरी जोडपं. आईला मुख्यमंत्र्यांशी काही देणंघेणं नसतं. तिला दरवर्षी ते जोडपं कुठल्या गावचं हे कळलंच पाहिजे. ती वळली, तिच्यामागे बायको, आणि दोघींना हात जोडलेले बघून आम्हीही जाऊन उभे राहिलो. बातमीदार गावाचं नाव सोडून सगळं सांगत होता. रांगेत किती तास उभे होते, कितवी वारी, शेती किती. गाव कळलं तेव्हा लेक किंचाळली, "बटाटे!"

तव्यावर चार चकत्या एकट्या बसल्या होत्या. कुणीही हात न लावलेल्या. लेकीनं एक उलटली. तांबूस, जाळीदार, आणि उलथण्याच्या टोकानं टकटक केलं तर वाजणारी. आमच्या घराच्या इतिहासात तव्यावरची वस्तू पहिल्यांदाच वाजली.

पहिला मोडला तेव्हा असा आवाज आला की बायकोनं वळून बघितलं. मी दोन खाल्ले. लेकीनं शेंगदाण्याच्या चटणीशी एक खाल्ला आणि डोळे मिटले. आईनं आपल्या पानातला एक तुकडा चावून बघितला, मान डोलावली, आणि सवयीनं त्यावर चमचाभर तूप सोडलं. लेक बघत होती, पण एकादशीला आजीला बोलायचं कोणी?

दुसऱ्या घाण्याचे चार लेकीनं मोठ्या ताटलीत काढून ओट्यावर ठेवले आणि फोटो काढायला फोन आणायला गेली. दोन मिनिटं लागली असतील. तेवढ्यात बायको तिथून गेली. उघडं अन्न तिला बघवत नाही; माश्या बसतात, आणि गारही होतं. तिनं मोठं झाकण घातलं.

लेक आली आणि तिनं झाकण उचललं. झाकणाच्या आतून थेंब गळत होते. चारही चकत्या मऊ पडून एकमेकींच्या अंगावर रेलल्या होत्या.

आईनं वाकून बघितलं. तिचा चेहरा उजळला.

"आता झाला बघ कीस," ती म्हणाली, आणि पान पुढे केलं.