टाकीवरचा पंचनामा

बुलेट घेताना शोरूमवाले सगळं समजावून सांगतात. ॲव्हरेज, हप्ता, विमा, पहिली सर्व्हिसिंग. पण पावसाळ्यात दिवेलागणीला हीच गाडी यवतमाळहून उमरखेडला नेली, तर तिचं पुढचं अंग कोणत्या रंगाचं होईल हे कोणी सांगत नाही. कंपनीच्या रंगांच्या यादीत तो रंग नसतोच. पिवळट, मधेच हिरवट, त्यावर तुटक्या तंगड्यांची नक्षी आणि हेडलाइटच्या कडेला एखादा आख्खा शाबूत पंख.

आमचा जिल्हा कापसाचा, त्यात सोयाबीनची भर. म्हणजे किड्यांना बाराही महिने पंगत. पहिला पाऊस पडला की हुमणीचे भुंगेरे जमिनीतून निघून संध्याकाळी कडुनिंब-बाभळीच्या पाल्यावर जातात, आणि ही झाडं नेमकी रस्त्याच्या कडेला. गाडी ताशी ८० ने, म्हणजे सेकंदाला २२ मीटर धावत असते. तेवढ्यात भुंगेऱ्याला बाजूला होणं जमत नाही आणि मला ब्रेक मारणं सुचत नाही. हेल्मेटच्या काचेवर टक्कन आवाज येतो, तोच पंचनामा. त्यांच्यामागून पंख फुटलेल्या वाळव्या, मग चतुर, नाकतोडे, आणि कापूस बोंडावर आला की गुलाबी बोंडअळीचे पतंग.

या पतंगांसाठी शेतात कामगंध सापळे लावतात. सलग ३ रात्री सापळ्यात ८-८ पतंग सापडले, तर आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असं कृषितज्ज्ञ समजतात. माझ्या हेडलाइटने ही पातळी आर्णी यायच्या आत ओलांडलेली असते. हे मी शेजारच्या काकांना मोठ्या अभिमानाने सांगितलं. ते म्हणाले, “मंग असं कर भाऊ, रातच्याले गाडी आमच्या वावरात लाव अन् लाइट चालू ठेव. बॅटरी तुयी.”

२०१७ च्या हंगामात या अळीने इथला कापूस खाल्ला आणि फवारणीच्या विषाने माणसं दगावली. तेव्हा इथे किड्यावर विनोद जपूनच करावा. गाडीच्या रंगापायी हवालदिल झालेल्या माणसावर मात्र हवा तेवढा करावा, तो त्याच लायकीचा असतो.

हा माणूस मुक्कामी पोचल्यावर आधी पाणी मागत नाही, फडकं मागतो. आणि फडकं हातात येताच गावभराचे सल्ले सुरू होतात. कोणी रॉकेल सुचवतो, कोणी डिझेल, कोणी टूथपेस्ट, कोणी शीतपेय. एक मेहुणा दरवर्षी लिंबू सुचवतो; किड्याच्या अंगातला रस मुळातच रंगाला बाधणारा, त्यावर हा लिंबू पिळणार! भांड्यांचा साबण किड्याबरोबर रंगावरचं मेणही उतरवतो. पेट्रोलने पुढच्या प्लास्टिकच्या काचेला बारीक तडे जातात. वॉशिंग सेंटरचा पोऱ्या पाण्याचा फवारा असा जवळून मारतो की रेडिएटरवाल्या गाडीच्या नाजूक पट्ट्या वाकाव्यात.

खरं तर ताजा किडा गरीब असतो. ऑक्टोबरच्या उन्हात टाकीवर हात ठेवू म्हटलं तर ठेववत नाही, तेव्हा तो उग्र होतो. रंगावर जो पारदर्शक थर असतो तो उन्हाने मऊ पडतो, वाळणारा रस त्याला धरतो, आणि नंतर किडा निघाला तरी त्याच्या आकाराचा डाग मागे राहतो. कोरड्या फडक्याने रगडलं तर किड्याचं कडक कवच बारीक ओरखडे पाडतं, ते वेगळंच. आमच्या आईने गाडी कधी चालवली नाही. पण मला रगडताना पाहून ओसरीवरून म्हणाली, “करपलेलं गंज कोणी कोरडं घासते काय रे? आंधी भिजू दे.” डिटेलिंगवाला दुकानदार हेच सांगून वर बिल देतो.

पांढरकवड्याला याहून भारी मंडळी भेटतात. श्रीनगर ते कन्याकुमारी जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ तिथून जातो. देशभरचे किडे छातीवर मिरवत हे स्वार ढाब्यावर उतरतात आणि टिपेश्वर अभयारण्यातला वाघ दिसेल का विचारतात. वाघाचं सांगता येत नाही. बाकीच्या वन्यजीवांची सोय आम्ही पाटणबोरीपर्यंत चोख ठेवली आहे.

तिकडे ब्रिटनमध्ये लोकांनी गाड्यांच्या नंबरप्लेटवरचे किडे मोजले. २००४ च्या मानाने २०२१ मध्ये ते निम्म्याहून कमी भरले, म्हणून तिथले निसर्गप्रेमी चिंतेत आहेत. चिंता रास्त आहे. किडे गेले की पाखरं जातात, परागीभवनाचेही वांधे होतात. पण त्या निसर्गप्रेमींनी श्रावणात एकदा माझ्या मागच्या सीटवर बसावं. मोजायला वही जाडी आणावी.

तुम्ही येणार असाल तर निघण्याआधी टाकीला मेणाचं पॉलिश मारून घ्या. मॅट रंग असेल तर मात्र नको, त्याचे चकाकते चट्टे पडतात. मुक्कामी पोचलात की पाण्याने निथळतं जुनं बनियन डागांवर पसरून ठेवा, चहा प्या, मग हलक्या हाताने पुसा. सकाळवर ढकलू नका. आणि हेल्मेटची काच खालीच असू द्या. डोळ्यात गेलेला भुंगेरा भिजत घालता येत नाही.