चिरंजीव उजवे निघाले

सोळाव्या वर्षी बंड करायचं, आणि तेही सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या फ्रीमाँटमध्ये, म्हणजे पंचाईतच. केस निळे करावेत, तर समुपदेशक बाईंचे आधीच निळे. मांसाहार सोडावा, तर आजी आनंदाने सत्यनारायण घालायला निघते. गांजा तर राज्याने 2016 साली रीतसर मतदान घेऊन कायदेशीर करून टाकला. एकविसाव्या वर्षाची अट आहे, पण थांबलं की मिळणाऱ्या गोष्टीत बंड कसलं? मोर्चा काढावा, तर शिक्षक पाण्याच्या बाटल्या घेऊन पुढे. अशा मुलखात आईबाप, शिक्षक आणि मित्र यांना एकाच फटक्यात हादरवणारं वाक्य एकच उरतं. आमच्या ओळखीतल्या एका मराठी घरात चिरंजीवांनी ते रविवारी पोहे खाता खाता उच्चारलं. "मी कॉन्झर्व्हेटिव्ह आहे."

आईच्या हातातला झारा थांबला. बाबांचा पहिला प्रश्न विचारसरणीबद्दलचा नव्हता. "कॉलेजच्या अर्जात लिहिलं नाहीस ना?"

आता हे घर किती पुरोगामी, ते सांगायला हवं. 2020 साली अंगणात बायडेन-हॅरिस यांची पाटी होती. त्याच मतपत्रिकेवर प्रस्ताव 16 होता: सरकारी विद्यापीठांच्या प्रवेशात वंशाचा विचार पुन्हा होऊ द्यावा की नाही. पाटीवाल्या बाबांनी तिथे 'नाही'वर खूण केली. (राज्यानेही तो फेटाळला, तेव्हा बाबा एकटे नव्हते.) 2023 साली सुप्रीम कोर्टाने हार्वर्डची वंश पाहून प्रवेश देण्याची पद्धत रद्द केली, त्या संध्याकाळी घरात श्रीखंड आलं, कशाबद्दल, ते कोणी बोललं नाही. गल्लीच्या तोंडाशी स्वस्त घरांची इमारत येणार म्हटल्यावर नगरपालिकेच्या सभेत बाबा 'ट्रॅफिक' या विषयावर तळमळीने बोलले. पदवीआधी मैत्रीण नको, लग्नाआधी संसार नको, उधळपट्टी नको, मोठ्यांना उलट उत्तर नको, आणि बी ग्रेड तर नकोच नको. टेक्सासमधला एखादा बाप्टिस्ट पाद्री चार दिवस राहायला आला, तर हे घर तो प्रवचनात आदर्श म्हणून सांगेल. घरात जे रोज पाळलं जातं ते पोराने तोंडाने म्हटलं, इतकाच त्याचा गुन्हा.

शाळेत तो म्हणजे एकसदस्यीय विरोधी पक्ष. बंदुका, गर्भपात, कर, सीमेवरची भिंत, विषय कोणताही निघो, बाई "दुसरी बाजू कोण मांडेल?" म्हणतात आणि सगळ्या माना एकाच बाकाकडे वळतात. ज्याने आयुष्यात हाताळली ती फक्त पिचकारी, त्याला नॅशनल रायफल असोसिएशनची वकिली करावी लागते. गटाने करायच्या प्रकल्पात त्याला कोणी घेत नाही; कॅल्क्युलसचा गृहपाठ द्यायच्या आदल्या रात्री मात्र साऱ्या वैचारिक भिंती कोसळतात.

हे हौतात्म्य त्याला आवडू लागलंय, हेही लपवण्यात अर्थ नाही. निबंधातला आकडा कुठून आणला, असं बाईंनी विचारलं की तो घरी येऊन सांगतो, "माझा आवाज दाबला." बाईंनी फक्त संदर्भ मागितला होता. तसा संदर्भ त्या बाकीच्या वर्गाकडे मागत नाहीत हे खरं, पण बाकीच्या वर्गाचं म्हणणं बाईंचंच असतं. आपल्याच मताला संदर्भ कोण मागतो?

सकाळच्या झेंड्याच्या प्रतिज्ञेला वर्ग बसून असतो. सक्ती करता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने 1943 सालीच सांगून ठेवलंय. चिरंजीव एकटे छातीवर हात ठेवून ताठ उभे. समाजवादाविरुद्धची शेवटची चौकीच जणू. ही प्रतिज्ञा 1892 साली लिहिली फ्रान्सिस बेलामी नावाच्या पाद्र्याने, आणि हा पाद्री उघड उघड समाजवादी होता. देवाचा उल्लेख तिच्यात आला तो थेट 1954 साली. हे ऐकवल्यावर चिरंजीव दोनच शब्द बोलले, "फेक न्यूज."

दप्तरावरच्या बिल्ल्यावरून वाद झाला तेव्हा त्याने मुख्याध्यापकांना 1969 चा टिंकर खटला ऐकवला. बरोबरच ऐकवला. पण खटला होता आयोवातल्या डि मॉइन गावच्या मुलांचा. व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ त्यांनी 1965 साली दंडावर काळ्या फिती बांधल्या आणि शाळेने त्यांना घरी पाठवलं. युद्धविरोधकांनी कोर्टात भांडून मिळवलेला मतप्रदर्शनाचा हक्क आज ट्रम्प यांचा बिल्ला मिरवतोय. त्याच्या कॉन्झर्व्हेटिव्ह क्लबला शाळेत मिळालेल्या खोलीची गोष्ट याच्या उलटी. ती 1984 च्या समान प्रवेश कायद्याची कृपा. बायबल वाचणाऱ्या मुलांना शाळेत जागा मिळावी म्हणून उजव्यांनी त्या कायद्यासाठी जोर लावला होता. त्याच्याच आधारे पुढे समलिंगी मुलांचे क्लब उभे राहिले. सॉल्ट लेक सिटीच्या शाळामंडळाला हे इतकं झोंबलं, की 1996 साली एक क्लब अडवण्यासाठी त्यांनी अभ्यासाबाहेरचे सगळेच क्लब बंद केले. आमच्या चिरंजीवांच्या शाळेत दोन्ही क्लब एकच खोली आलटून पालटून वापरतात. भांडण होतं ते फक्त खुर्च्या कोणी लावायच्या यावरून.

डोंबिवलीचे आजोबा व्हिडिओ कॉलवर भारावले. "घरात एक तरी मार्गाला लागला!" मग नातवाने समजावलं, की बँकांचं राष्ट्रीयीकरण आणि पेन्शन ही सगळी समाजवादी कीड आहे. आजोबा 1969 साली राष्ट्रीयीकृत झालेल्या बँकेतून निवृत्त झालेले, आणि पेन्शन दर महिन्याला घेतात. रेंज गेली असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

खरी कसोटी 2025 साली लागली. आईबाप एच-वन-बी व्हिसावर असताना चिरंजीव इथे जन्मले आणि चौदाव्या घटनादुरुस्तीच्या पुण्याईने जन्मतः नागरिक झाले. जानेवारीत ट्रम्प यांनी आदेश काढला, की यापुढे अशा बाळांना नागरिकत्व नाही. खालच्या कोर्टांनी तो रोखला. सप्टेंबरात नव्या एच-वन-बीवर एक लाख डॉलर शुल्क आलं. बाबांनी दोन्ही बातम्या फ्रिजवर चिकटवल्या. चिरंजीवांनी एक दिवस मौन पाळलं, मग म्हणाले, "तत्त्व म्हणून बरोबरच आहे." बाबांनी विचारलं, "आणि तू कोणत्या तत्त्वावर जन्मलास?" उत्तर अजून आलेलं नाही.

आईला धीर द्यायला एक जुनी गोष्ट आहे. 1964 साली शिकागोजवळच्या पार्क रिज गावातली एक शाळकरी मुलगी बॅरी गोल्डवॉटर या उजव्यांतल्या उजव्या उमेदवाराचा प्रचार करत होती. काउगर्लचा पोशाख, डोक्यावर हॅट, हॅटवर 'एयू-एचटूओ': सोन्याची खूण आणि पाण्याची, मिळून गोल्डवॉटर. शिक्षकांनी लुटुपुटीचा वादविवाद ठेवला आणि मुद्दाम तिला विरोधी जॉन्सन यांची बाजू दिली. जॉन्सनवाल्या मैत्रिणीला गोल्डवॉटर केलं. दोघी चरफडल्या, पण समोरच्या बाजूचं वाचावं लागलं. कॉलेज संपेपर्यंत दोघींनी पक्ष बदलले होते. त्या मुलीचं नाव हिलरी रॉडहॅम, पुढची क्लिंटन. आईने एवढ्यावरच हुरळून जाऊ नये: रोनाल्ड रेगन पन्नाशी उलटेपर्यंत डेमोक्रॅट होते.

तेव्हा फ्रीमाँटच्या शिक्षकांना विनंती, येत्या वादविवादात चिरंजीवांना डेमोक्रॅट करा. रिपब्लिकन बाजू मांडायला बाबांना बोलवा. त्यांची तयारी झालेली आहे.