अश्रूबिंदू कोरडा ठेवण्याची पद्धत

घरी बनवलेला कॅम्पिंग ट्रेलर गळतो. आमचा नाही गळत, असं जो म्हणतो त्याचा ट्रेलर मार्चमध्ये तयार झालेला असतो. प्रस्तुत लेखकाने तीन पावसाळे, अकरा ट्यूब सीलंट आणि एक गादी खर्ची घालून या विषयात अधिकार मिळवला आहे. होतकरूंनी पुढील मार्गदर्शन शांतचित्ताने वाचावे. ट्यूब मात्र वाचून झाल्यावरच फोडावी.

आपण बोलतोय तो गाडीमागे ओढायच्या, दोन माणसं जेमतेम आडवी होतील एवढ्या डब्याबद्दल. अमेरिकेत १९३०-४०च्या दशकांत हौशी लोक गॅरेजमध्ये असले डबे ठोकू लागले. आकारावरून त्यांना टिअरड्रॉप म्हणजे अश्रूबिंदू हे नाव पडलं असं सांगतात. माझ्या मते नाव ठेवणारा एखादी रात्र पावसात त्यात झोपला होता.

सुरुवात प्लायवूडपासून. दुकानदार 'वॉटरप्रूफ आहे, डोळे झाकून न्या' म्हणेल. डोळे उघडे ठेवून त्यावर आयएस ७१० चा शिक्का शोधा. या मरीन प्लायचे तुकडे कसोटीसाठी ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवतात आणि मग थर सुटतात का ते पाहतात. हे ऐकून माणूस निर्धास्त होतो आणि तिथेच फसतो. उकळून टिकतो तो थरांमधला गोंद. लाकूड ते लाकूडच, ते पाणी पितं, आणि सर्वांत अधाशासारखं पितं ते करवतीने कापलेल्या कडेने. म्हणून भिंत उभी करण्याआधी प्रत्येक कडेला पातळ इपॉक्सी पाजा. पाच मिनिटांत कड पुन्हा कोरडी दिसेल. पुन्हा पाजा. तहान भागेपर्यंत हात आवरू नका. स्क्रूच्या भोकांनाही एकेक थेंब द्या, ती लहान असली तरी लक्षात ठेवतात.

आता मुख्य सांधा: जमीन आणि भिंत. इथे माझ्या सुतारमिस्त्रींनी मला एकच प्रश्न विचारला होता. "साहेब, भिंत जमिनीवर उभी करू, का बाजूने खाली सोडू?"

मी म्हणालो, "घराची भिंत जमिनीवरच उभी असते ना?"

मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी पेन्सिल कानामागे खोचली आणि मी सांगितलं तसं केलं. अनुभवी माणूस गप्प बसला की काम थांबवावं, हा नियम मला तेव्हा ठाऊक नव्हता. जमिनीचा १८ मिमी प्लाय भिंतीच्या बाहेर साधारण करंगळीएवढा राहिला. भिंतीवरून ओघळणाऱ्या पाण्यासाठी मी चारी बाजूंनी छानसा ओटा बांधला होता. पाणी तिथे टेकायचं, दम खायचं आणि भिंतीखालच्या फटीतून आत यायचं. कागद जाणार नाही इतक्या फटीतूनही पाणी जातं. किंबहुना फट जितकी बारीक तितकं ते हौसेने आत ओढलं जातं.

पहिल्या वर्षी उपाय केला सिलिकॉनचा. व्हिनेगरसारखा वास येणारं, स्वस्तातलं. मास्किंग टेप लावून, साबणाच्या पाण्यात बोट बुडवून असा काही गोलवा काढला की शेजारचे काका पाहायला आले. आषाढात त्याची एक कड नखाने उचलली, तर पूर्ण भिंतभर शेवयासारखी निघून आली. दुसऱ्या वर्षी पीयू म्हणजे पॉलियुरेथेन सीलंट आणलं. ते उत्तम असतं, रंगही धरतं, पण सिलिकॉनचा जो अदृश्य थर मागे राहतो त्यावर ते चिकटत नाही. त्यावर काहीच धड चिकटत नाही, रंग नाही की नवं सिलिकॉनही नाही. ज्यांना सिलिकॉन वापरायचंच आहे त्यांनी ते खुशाल वापरावं, फक्त ट्रेलर त्याच वर्षी विकावा.

तरीही मी हटलो नाही. खरवडून, घासून, सांधा बाहेरून भरला, आतून भरला, कोपरे तर दोनदा भरले. मग ताम्हिणी घाटात मुक्काम. पुण्यात वर्षभरात जेमतेम ७००-७५० मिलिमीटर पाऊस पडतो. ताम्हिणीत तेवढा चार-पाच दिवसांतही पडू शकतो. रात्री दोनला पाठ थंड लागली म्हणून टॉर्च लावला, तर गादीभोवती तळं. पाणी खिडकीच्या चौकटीतून आलं होतं आणि आल्यावर त्याला बाहेर पडायला मी एक सुईएवढी जागा ठेवली नव्हती. वॉटरप्रूफिंग शंभर टक्के यशस्वी झालं होतं, फक्त उलट्या दिशेने. शेवटी छत्री मानेत धरून, बॅटरीच्या ड्रिलने, इपॉक्सी पाजलेल्या त्याच जमिनीला ६ मिमीचं भोक पाडलं. पाणी आवाज करत खाली गेलं. त्या वर्षी सगळ्यात नीट चाललेली गोष्ट ती.

परतताना वाट वाकडी करून गुहागरकडे मामाकडे गेलो. मामाने ट्रेलरला एक फेरी मारली, खाली वाकून ओट्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "अरे, तू वरचं कौल खालच्या कौलाखाली सरकवलंस."

कौलारू घराला कुणी ट्यूब लावत नाही. इरल्यालाही नाही. वरचं खालच्यावर चढलेलं असतं, पाणी आपल्या वजनाने पागोळी होऊन गळून जातं. तर तिसऱ्या वर्षीची कृती अशी: जमिनीच्या कडा तासून भिंतीशी सपाट केल्या. बाहेरून नवी पातळ भिंत चढवली, ती जमिनीच्या खाली बोटभर सोडली. दोन्हींच्या मध्ये पीयू. जिथे फट रुंद, तिथे आधी फोमची दोरी दाबून वर सीलंट, म्हणजे ते दोन्ही बाजूंना धरतं आणि तळाला चिकटत नाही. तळालाही चिकटलं तर खड्ड्यात गाडी हिसकली की मधेच फाटतं. खड्डे शोधायला लांब जावं लागत नाही. खालून काळं डांबरी कोटिंग, कारण पावसाला निदान खालून यायची सवय नसते, चाकं मात्र पाणी वर उडवतात. मामाने कोकणातल्या होड्यांचे सांधे कापूस ठोकून, वर तेल-राळ लावून भरतात तेही सुचवलं. ते ऐकून मिस्त्रींनी मान हलवली, मी विषय बदलला.

कसोटीसाठी आतल्या सांध्याकडेने रांगोळीची बारीक रेघ ओढावी आणि बाहेरून, विशेषतः खालून वर, नळी धरावी. एकेक बाजू दहा मिनिटं, घाई नको. सगळीकडे एकदम पाणी मारलं तर कुठून आलं ते कळत नाही. माझी रेघ चारी बाजूंनी कोरडी राहिली. मिस्त्रींनी पहिल्यांदाच चहा मागितला.

त्या श्रावणात पुन्हा ताम्हिणी. रात्रभर कोसळला. पहाटे हात लावला तर भिंत ओली, गादीची कड ओली. मी टॉर्च घेऊन सांधे हुंगत असताना बायको पांघरुणातून म्हणाली, "अहो, छताला बघा." छताला आतून थेंब होते. दोन माणसं रात्रभरात श्वास आणि घामाने पाव-अर्धा लिटर पाणी हवेत सोडतात, आणि आमच्या डब्यातून आता हवाही जात नव्हती.

दुसऱ्या रात्री खिडकी दोन बोटं उघडी ठेवून झोपलो. वारा रात्री बारानंतर फिरला.