इटारसीपर्यंतचा स्वेटर

मे महिन्यातल्या एका घामट संध्याकाळी पुणे स्टेशनवर झेलम एक्सप्रेसची वाट बघत काकूंनी सामान मोजलं. दोन बॅगा, चकलीचा डबा, थर्मास, काका आणि लोकरीच्या दोन पिशव्या. यांतल्या पिशव्या त्यांनी दोनदा मोजल्या.

"मनालीला निघालोय आपण," काका म्हणाले. "तिथे लोकरच लोकर आहे. गंगेवर जाताना कोणी घरून तांब्याभर पाणी नेतं का?"

"तिथे नवी घ्यावी लागेलच ना? मग त्याआधी ही नको का संपवायला?" काकू म्हणाल्या. घरी दिवाणाचं झाकण बंद होत नसतानाही हे गणित काकू बिनदिक्कत मांडतात. विणणाऱ्या बाईच्या हिशेबात लोकर कधी जास्त होत नाही. कमी मात्र पडते, तीसुद्धा नेमकी बाहीला दोन बोटं उरलेली असताना, त्या रंगाचा लॉट दुकानातून संपल्यावर.

काकू दोन सुयांवर विणतात. सुया बहुतेक दहा नंबरच्या. आपल्याकडे सुयांचे नंबर अजून जुन्या ब्रिटिश पद्धतीने चालतात, म्हणजे नंबर वाढला की सुई बारीक होते. आठ नंबरची चार मिलिमीटर, दहाची सव्वातीन. काकांना हे तीस वर्षांत पटलेलं नाही. त्यांच्या मते हा चष्म्याच्या नंबरसारखा सरळ कारभार असायला हवा होता. दुकानातून सुया आणायचं काम त्यांच्याकडून कायमचं काढून घेतलं गेलं, ते यामुळेच.

घरातला काकूंचा दिवस ओळींवर चालतो. भात लावून तीन शिट्ट्या होईतो चार ओळी, दवाखान्यात नंबर येईपर्यंत दहा, आणि मालिकेतली सासू कटकारस्थान पूर्ण करेपर्यंत बाहीचा निम्मा उतार. "ही एवढी ओळ झाली की उठते" हे वाक्य या घरात वर्षानुवर्षं रोज ऐकू येतं. त्यातली 'ही' ओळ कोणती, हे अजून कोणाला कळलेलं नाही.

आणि तरीही काकांचा स्वेटर २००९ सालापासून चालूच आहे. राखाडी रंगाचा, पुढच्या भागावर दोन वेण्या असलेला. पाठ त्याच वर्षी झाली. पण मग भाचीला दिवस गेले आणि बाळंतविडा मध्ये आला. टोपडं, मोजे, झबलं आणि दुपटं असा तो सगळा ऐवज तयार होईपर्यंत बाळ टोपड्यात मावेनासं झालं. तो संच पुढच्या बाळासाठी ठेवला, तर ते बाळ आलं नेमकं एप्रिलमध्ये. आता पहिलं बाळ कॉलेजात आहे आणि स्वेटरची पुढची बाजू बॉर्डरवर. दरम्यान काकांचं माप अडतीसवरून बेचाळीसवर गेलं, तेव्हा पाठ उसवून पुन्हा विणली. "तुम्ही एका मापात राहिला असतात तर केव्हाच झाला असता," असं काकू सांगतात, आणि यावर काकांकडे उत्तर नाही.

"अगं, पण उन्हाळ्यात लोकर?" हा शेजाऱ्यापाजाऱ्यांचा प्रश्न काकूंना दर मे महिन्यात येतो. त्यावर त्यांच्याकडे चेन्नईचा दाखला तयार असतो. ३१ जानेवारी २०१६ रोजी 'मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स' या बायकांच्या गटाने तिथे चौकोन जोडून ११,१४८.५ चौरस मीटरचं क्रोशाचं पांघरूण अंथरलं आणि गिनीज बुकात विक्रम केला. चेन्नईत! जिथे पांघरूण ही वस्तू फक्त एसीच्या डब्यात लागते. काकूंच्या मते, या बाबतीत हवामानाचं मत विचारायचं कारणच नाही.

हवामानाचं मत विचारणारी एकच वस्तू त्यांच्या दुसऱ्या पिशवीत होती. तिला त्या 'तापमानाची शाल' म्हणतात. रोज एक ओळ विणायची आणि तिचा रंग त्या दिवसाच्या कमाल तापमानावरून ठरवायचा. वर्षाच्या ३६५ ओळी झाल्या की शाल तयार. थंड देशांतल्या बायका अशा शाली करतात, तेव्हा निळ्या-जांभळ्यापासून लालभडकपर्यंत इंद्रधनुष्य उतरतं. काकूंच्या शालीवर पुण्याने जानेवारीत पिवळा, फेब्रुवारीत नारिंगी आणि मग सलग लाल रंग दिला होता. निळ्या लोकरीच्या दोन लडींचं वेष्टनही फुटलं नव्हतं. मनालीला जायचा आग्रह काकूंनी धरला, त्यामागे ही निळी लोकर होती, असा काकांचा पक्का संशय आहे.

गाडी सुटली. दौंडला काकूंनी सुया काढल्या आणि अहिल्यानगरला डबा. मनमाडला सगळा डबा झोपला, तेव्हा त्या दिवा विझवून अंधारात विणत होत्या. सुलट-उलट काय ते बोटांना कळतं, डोळ्यांची गरज फक्त वेणीला लागते. झेलमला फौजी लोक बरेच असतात. सकाळी समोरच्या बाकावरच्या तरुण जवानाने मदतीची तयारी दाखवण्याची चूक केली. काकूंनी लगेच लडी सोडली, त्याला दोन्ही हात पुढे धरायला लावले आणि गुंडा वळायला घेतला. हे काम घरी काका करतात, पण काका वरच्या बर्थवर झोपेचं सोंग घेऊन पडले होते. सीमेवर कोणापुढे हात न टेकणारा तो जवान वीस मिनिटं हात समोर धरून बसला आणि येणाजाणारा प्रत्येक फेरीवाला त्याच्याकडे सहानुभूतीने बघून गेला.

इटारसीला चहावाला आला. काकू त्या वेळी वेणीच्या ओळीवर होत्या. सहा टाक्यांची वेणी घालताना तीन टाके वेगळ्या सुईवर काढून पुढे धरायचे, उरलेले तीन आधी विणायचे आणि मग हे तीन. पुढे धरले की वेणी डावीकडे वळते, मागे धरले की उजवीकडे. वेगळी सुई म्हणून काकू अंबाड्यातला आकडा वापरतात. तो तोंडात, टाके मोजणं मनात, आणि तेवढ्यात काका वरून म्हणाले, "चहा किती सांगू?"

"सव्वीस," काकू म्हणाल्या.

चहावाल्याने एकदा किटलीत आणि एकदा डब्यात पाहिलं. खुलासा होईपर्यंत आणखी दोन प्रवाशांनी हसून घेतलं, काकूंनी आकडा खोवला, टाके ओवले आणि गाडी हलली. या चहाची किंमत पुढे मोजावी लागणार होती.

अंबाल्याहून सहलीच्या बसने मंडीमार्गे कुलूकडे जाताना मेंढ्यांच्या कळपाने रस्ता अडवला. गद्दी मेंढपाळ उन्हाळ्याच्या तोंडाला कळप घेऊन वरच्या कुरणांकडे निघतात. कमरेला काळ्या लोकरीचा जाडजूड दोर गुंडाळलेला एक म्हातारा चालता चालता तकलीवर सूत काढत होता. बसमधले सगळे मेंढ्यांचे फोटो घेत होते. काकू बघत होत्या त्या म्हाताऱ्याच्या बोटांकडे. "चालताना!" त्या काकांना म्हणाल्या. "आणि मी फिरायला जाताना पिशवी घेतली की तुम्हाला लाज वाटते."

कुलूला टूर मॅनेजरने जाहीर केलं की आता आपण विणकाम बघायला जाणार. काकू सुयांसकट पहिल्या उतरल्या. आत होते हातमाग. मराठीची ही जुनीच खोड. मागावर धोटा फिरवणारा विणतो, सुयांवर टाके घालणारी विणते, बाजेवर नवार ओढणारा विणतो आणि कोळीही जाळं विणतो. काकू जरा हिरमुसल्या, पण शालीची किनार बोटांनी चाचपताना त्यांचा राग गेला. कुलूच्या विणकरांची भुट्टी गावची सहकारी संस्था १९४४ सालची. शालीच्या आताच्या रूपाबद्दल तिथे एक गोष्ट सांगतात. १९४२ च्या सुमाराला आलेल्या देविका राणींना तिथल्या पट्टू या लोकरी वस्त्राची वीण आवडली आणि त्यांनी शहरी मापाची शाल विणून मागितली, तिथून म्हणे हे सुरू झालं. मालाडच्या बॉम्बे टॉकीजची नायिका इथवर येऊन गेली, याचं काकांना कौतुक वाटलं. काकूंना वाटलं ते वेगळंच. "बघा, तिने मागितली आणि लगेच मिळाली," त्या म्हणाल्या. काकांनी आपल्या स्वेटरचा विषय मोठ्या मनाने काढला नाही.

मनालीत शालीवर हिरवी ओळ आली. निळी नाही. एवढं लांब येऊन निळी लोकर बंदच राहते की काय, या काळजीने दुसऱ्या दिवशी काकूंनी केलाँगला मुक्काम असलेली जादा सहल घेतली. वाटेतला रोहतांग खिंडीखालचा अटल बोगदा ९.०२ किलोमीटरचा आहे. ३ ऑक्टोबर २०२० ला तो खुला झाला, त्याआधी हिवाळ्यात खिंड बर्फाने बंद झाली की पलीकडचं लाहौल महिनोनमहिने जगापासून तुटायचं. बसमधले लोक बोगद्यात शिट्ट्या मारत होते. काकूंनी तेवढ्यात स्वेटरची एक ओळ केली, त्यामुळे त्यांच्या मते बोगदा एका ओळीचा आहे.

पलीकडे सगळंच वेगळं निघालं. देवदार गायब, उघडेबोडके डोंगर आणि उतारांवर बर्फाचे पट्टे. तांदीला चंद्रा आणि भागा या नद्या मिळतात आणि पुढचा प्रवाह चंद्रभागा होतो. बसमधल्या निम्म्या लोकांचे हात आपोआप जोडले गेले. पंढरपूर इथून पुष्कळ लांब असल्याचं टूर मॅनेजरने सांगून पाहिलं. संध्याकाळी, दहा हजार फुटांवरच्या केलाँगमध्ये, काकूंनी थरथरत्या बोटांनी निळ्या लडीचं वेष्टन फोडलं.

राहण्याची सोय एका घरगुती जागेत होती. तिथल्या मालकीणबाई मटाराच्या शेतातून चिखलाच्या बुटांनी आल्या आणि अंगणात विणत बसलेल्या काकूंकडे पाहून थबकल्या.

"गर्मी में कौन बुनता है, दीदी?"

काकांना इतकं हसू आलं की त्यांना धाप लागली आणि त्याचा दोष त्यांनी उंचीला दिला. पुण्याच्या सोसायटीतला प्रश्न इथे, बर्फ दिसणाऱ्या अंगणात, खुद्द विणणारीच विचारत होती. तिचंही बरोबर होतं. लाहौलमध्ये उन्हाळा जेमतेम काही महिन्यांचा. तेवढ्यात बटाटा, मटार, फुलकोबी पेरायची, काढायची, विकायची. सुया काढायच्या त्या बर्फ पडल्यावर, चुलीभोवती बसून. पुण्याच्या काकू ऐन हंगामात रिकाम्या बसल्या आहेत, याचंच त्या बाईला नवल वाटलं.

तिथल्या रंगीत मोज्या-हातमोज्यांना २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ही कला तिथे रुजवण्यात मारिया हायडे या बाईंचा वाटा मोठा. १८५० च्या दशकात मोरेव्हियन मिशनरी केलाँगला आले, त्यांतल्या विल्हेल्म हायडे यांची ही पत्नी. तिने तिथल्या बायकांना विणायला शिकवलं. धर्म फारच थोड्यांनी घेतला, मोजे मात्र सगळ्या खोऱ्याने घेतले.

जेवणं झाल्यावर मालकीणबाईंनी काकूंचा स्वेटर मागून घेतला. दिव्याखाली धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मग डावीकडच्या वेणीवर एका जागी बोट ठेवलं. सगळी वेणी डावीकडे वळत आली होती, त्या एका जागी उजवीकडे. काकूंनी वरून वेणीचे पीळ मोजले, बोगदा, कुलू, मंडी, दिल्ली, झाशी असे मागे मागे जात. आणि मान वर करून काकांकडे पाहिलं.

"चहा," एवढंच त्या म्हणाल्या.

"एका वेणीने काय बिघडतं?" काका म्हणाले. "मला चालेल."

यावर दोघी बायकांनी त्यांच्याकडे एकाच नजरेने पाहिलं. भाषा वेगळी असली तरी नजर तंतोतंत तीच होती. मालकीणबाईंनी सुई काढली, धागा ओढला आणि अंबाला, दिल्ली, आग्रा, झाशी, भोपाळ सगळं सरसर सुटत गेलं. काका मुकाट्याने गुंडा वळत बसले. इटारसीच्या ओळीवर टाके पुन्हा सुईवर चढले, तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते.

परतीच्या झेलममध्ये मध्यरात्रीच्या सुमाराला गाडी एका मोठ्या स्टेशनात शिरली. काकांना जाग आली. खालच्या बर्थवर मोबाईलच्या उजेडात सुयांचा आवाज चालूच होता.

"कुठवर आलं गं?"

"इटारसी," काकू म्हणाल्या.

काकांनी खिडकीतून पाटी वाचली. मग जरा आशेने काकूंच्या मांडीकडे वाकून पाहिलं. राखाडी स्वेटर पिशवीतच होता, केलाँगला ठेवला तसा. काकूंच्या हातात पाच सुया होत्या आणि त्यांवर लाल, पिवळ्या, हिरव्या रंगांत एक लाहौली मोजा टाचेपर्यंत आलेला होता. त्यांचे ओठ हलत होते.

खिडकीशी चहावाला आला. काकांनी काकूंकडे पाहिलं, तोंड मिटलं आणि त्याला दोन बोटं दाखवली.